टपालतिकिटांवरील आगीचे बंब व त्यांवरील सालांचा अर्थ

टपालाचें तिकीट हें संग्राहकाच्या हातीं येणारें बहुधा सर्वांत लहान चित्रसाधन होय. त्यावर मजकूर दोनचार शब्दांचा व एखाद्या सालाचा असतो. तथापि जी कसोटी बखरीस लावावयाची तीच यासही लाविली पाहिजे. लेख लिहिल्याचा काळ निराळा व लेखांत वर्णिलेल्या प्रसंगाचा काळ निराळा, ही ती कसोटी. आगीच्या बंबांचीं तिकिटें या दृष्टीनें तपासण्याजोगीं आहेत.

ता. २४ एप्रिल १९७४ रोजीं ब्रिटिश टपालखात्यानें चार तिकिटांचा संच काढिला. लंडनमधील आगींस आळा घालण्याविषयीं १७७४ सालीं झालेल्या कायद्यास दोनशें वर्षें पुरीं झालीं, हें निमित्त होतें. चित्रकार डेव्हिड जेंटलमन. ३½ पेन्सांच्या तिकिटावर १९०४ चा पहिला मोटारबंब, ५½ पेन्सांवर १८६३ चा बक्षीस मिळविलेला बंब, ८ पेन्सांवर १८३० चा पहिला वाफेचा बंब व १० पेन्सांवर १७६६ चा बंब आहे. किंमत चढते तसा काळ मागें जातो; सबब किंमतीच्या क्रमानें तिकिटें लावणारास इतिहास उलटा वाचावा लागतो. तो सुलट वाचूं.

१७६६ चा बंब हाताचा. माणसें दांडे वरखालीं करून पाणी उडवीत. तीं थकलीं कीं धार मंदावे. १८३० चा बंब जॉन ब्रेथवेट व जॉन एरिक्सन यांचा. त्या वर्षीं फेब्रुवारींत आर्गाइल रूम्स या संगीतगृहास आग लागली तेव्हां कडाक्याच्या थंडीनें हातबंब गोठले, पण वाफेचा बंब चालू राहिला. पुढील तिकीट १८६३ चें. त्या वर्षीं क्रिस्टल पॅलेस येथें बंबांच्या परीक्षा होऊन मोठ्या बंबांत मेरीवेदर कंपनीच्या ‘सदरलंड’ बंबास पहिलें बक्षीस मिळालें.

हीं दोन तिकिटें शेजारीं ठेविलीं असतां १८३० पासून वाफेच्या बंबाची अखंड भरभराट झाली असा समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. लंडनच्या बंबवाल्यांनीं ब्रेथवेटच्या यंत्रास विरोध केला. १८३३ सालीं विमाकंपन्यांचीं पथकें एकत्र करून जेम्स ब्रेडवुड यांच्या हाताखालीं दिलीं, त्या पथकाची भिस्तही हातबंबांवरच होती. वाफेचा बंब त्यानें उपयोगांत आणिला तो १८६० त. म्हणजे मधल्या तीस वर्षांवर तिकिटें मौन धरितात. १८३० हें शोधाचें साल होय, रूढीचें नव्हे.

याहून ढळढळीत उदाहरण अमेरिकेचें. ता. ४ ऑक्टोबर १९४८ रोजीं तेथें स्वयंसेवक बंबवाल्यांच्या त्रिशतसांवत्सरिकानिमित्त ३ सेंटांचें तिकीट निघालें. त्यावर न्यू ॲम्स्टरडॅमचा अधिकारी पीटर स्टायव्हेसंट याची तसबीर असून जोडीस एक जुना व एक नवा बंब आहे. स्टायव्हेसंट १६७२ त वारला. त्याच शहरीं, म्हणजे पुढील न्यू यॉर्क येथें, पहिले दोन बंब लंडनहून आले ते १७३१ त. तसबिरीशेजारचा जुना बंब त्याच्या काळचा मानणें म्हणजे साठ वर्षांची चूक पदरीं घेणें होय.

यास्तव संग्राहकांनीं प्रत्येक तिकिटाखालीं तीन सालें टिपावीं: तिकीट निघाल्याचें, त्यावर छापलेलें व ती वस्तु लोकांच्या नित्य उपयोगांत आल्याचें. पहिलीं दोन सालें तिकिटावरून व सूचीवरून मिळतात. तिसरें दप्तरांतून शोधावें लागतें, व तें मिळाल्यावरच तिकीट इतिहासाचें साधन ठरतें.