बोरघाट, बॅटरी आणि आपलं इथेनॉल

पनवेल म्हणजे देशावरच्या माणसाला मुंबईचा उंबरठा. शेजारच्या कळंबोलीहून द्रुतगती महामार्ग सुटतो आणि खोपोलीपुढं बोरघाट लागतो. मोटारीची खरी परीक्षा तिथंच. म्हणून ‘प्लग-इन हायब्रिड’ ही काय चीज आहे, ते याच रस्त्यावर मांडून पाहू.

या गाडीत इंजिनही असतं आणि मोठी बॅटरीही. रात्री घरच्या प्लगला लावायची. सकाळी बॅटरी पुरेल तोवर नुसत्या विजेवर, पुढं पेट्रोलवर. आता हिशेब बघा. पनवेल समुद्रसपाटीलगत, लोणावळा सुमारे 600 मीटर उंच. दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला निव्वळ सव्वातीन युनिट वीज हवी. वारा आणि रस्त्याचं घर्षण वेगळं. उतरताना मात्र विजेची मोटर जनित्र बनते आणि यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. साध्या गाडीत हाच जोर ब्रेक तापवण्यात फुकट जातो! अर्थात बॅटरी आधीच भरलेली असेल तर आलेली वीज ठेवायची कुठं? भरल्या घागरीत पाणी ओतल्यासारखंच ते.

बॅटरी सुधारतेय हे खरं. 2012 च्या प्लग-इन प्रियस गाडीची बॅटरी 4.4 युनिटांची होती. विजेवरची धाव वीस किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे घाटाच्या पायथ्यालाही पोचायची नाही. 2023 च्या नमुन्यात 13.6 युनिटं आणि धाव सुमारे 70 किलोमीटर. आपल्याकडं मात्र अशा गाड्या आल्या त्या बहुतेक कोटीच्या घरातल्या. आपण नुसत्या बघायच्या!

आपला संबंध पुढंच आहे. ऑगस्ट 2023 मध्ये दिल्लीत नितीन गडकरींनी इथेनॉलवर चालणारी हायब्रिड इनोव्हा दाखवली. तिला प्लग नाही, पण मेळ चांगला आहे. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ताकद असते. ती तूट बॅटरी थोडीफार भरून काढते. आमच्या मते ऊसवाल्याला सोयीची गाडी हीच. पण बॅटरी जसजशी मोठी होईल, तसतसं टाकीतलं इंधन कमी लागेल, मग ते पेट्रोल असो की इथेनॉल. त्यात डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर केंद्रानं निर्बंध आणले, तेव्हा एका आदेशानं कारखान्यांची गणितं कशी फिरली ते आपण पाहिलंच.

तेव्हा आसवनीच्या विस्ताराचं कर्ज वार्षिक सभेपुढं येईल, त्या दिवशी फेडीची वर्षं किती आणि तोवर इथेनॉलचा खप किती धरलाय, हे सभासदांनी उभं राहून विचारावं. बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पाचाही आकडा सोबत मागावा; गाडी प्लगला लागली, तर ती वीजही विकली जाणारच आहे.