शेवटची पकड आणि सात क्रमांकाची जर्सी

पेंडल हिल स्थानकापासून पूर्वेकडे तिसरे स्थानक पॅरामॅटाचे आहे आणि पश्चिमेकडे याच रेल्वेमार्गावर पुढे पेनरिथ लागते. रग्बी लीगच्या दोन मातब्बर संघांच्या मधोमध वसलेल्या या उपनगरात भारतीय कुटुंबांची संख्या मोठी आहे. येथे क्रिकेटची बॅट हाती येण्याआधीच एखादे मूल लंबगोल चेंडू घेऊन धावू लागले, तर नवल वाटत नाही. ते मूल हाफबॅक म्हणून खेळू लागले की पालकांपुढे मात्र अवघड प्रश्न उभा राहतो: त्याची प्रगती मोजायची कशी? अमेरिकेतील मराठी घरांत हाच प्रश्न क्वार्टरबॅकविषयी पडतो. दोन्ही खेळांत ही जागा सूत्रधाराची आहे, आणि सूत्रधाराचे काम गुणफलकावर पुरते उमटत नाही.

रग्बी लीगमध्ये प्रत्येक संघाचे तेरा खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला सहा पकडींपर्यंत चाल करता येते. सहावी पकड झाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. त्यामुळे पाच पकडी झाल्यावर काय करायचे, हा निर्णय बहुधा सात क्रमांकाच्या खेळाडूकडे येतो. चेंडू उंच उडवायचा, जमिनीलगत सरपटत सोडायचा, कोपऱ्यात ढकलायचा की किक न मारता धावायचे? कबड्डीतल्या तिसऱ्या, ‘करो या मरो’ चढाईशी याची तुलना करता येईल. फरक इतकाच की हाफबॅकवर ही वेळ एका सामन्यात कित्येकदा येते, आणि तीही अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूंच्या साक्षीने.

पेनरिथच्या नेथन क्लीअरीची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्याने २०१६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, वरिष्ठ संघात पदार्पण केले. वडील आयव्हन क्लीअरी नावाजलेले प्रशिक्षक. पण पदार्पणाच्या वेळी पेनरिथची सूत्रे दुसऱ्याच प्रशिक्षकाकडे होती. ‘वशिल्याचा तट्टू’ म्हणून त्याला हिणवणे त्यामुळेच तितकेसे सोपे नव्हते. किक अचूक, टॅकल करताना अंग चोरण्याची सवय नाही, हे गुण आरंभापासून दिसत होते. २०१८ व २०१९ मध्ये जेम्स मलोनीसारखा अनुभवी जोडीदार सोबत असल्याने अखेरच्या निर्णयाचा भार वाटला जाई. मलोनी गेला आणि तो भार क्लीअरीवर आला.

२०२० च्या साखळी फेरीत पेनरिथने केवळ एक सामना गमावला. अंतिम सामन्यात मात्र मेलबर्नविरुद्ध क्लीअरीचा एक पास सुलिआसी वुनिवालूने मधल्यामध्ये टिपला आणि मैदानाची जवळजवळ सगळी लांबी पार करत ट्राय केला. मध्यंतराला पेनरिथ ०–२२ असे पिछाडीवर होते. अखेर २०–२६ अशी हार झाली. नुसते आकडे पाहणाऱ्याने त्या दिवशी त्याला नापास केले असते. खेळ जाणणाऱ्याने वेगळे पाहिले असते: घोडचुकीनंतरही तो चेंडू मागत राहिला होता का, आणि पुढच्या मोसमात ती सवय सुधारली का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्षभरात मिळाले. २०२१ च्या अंतिम सामन्यात पेनरिथने साऊथ सिडनीला १४–१२ असे नमवले, आणि खांद्याच्या दुखापतीसह मोसम खेळलेला क्लीअरी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२०२३ चा अंतिम सामना तर पाठ्यपुस्तकात घालावा असा. ब्रिस्बेन २४–८ असे पुढे असताना अखेरच्या वीस-एक मिनिटांत क्लीअरीने बचावफळी फोडली, ‘चाळीस-वीस’ साधले आणि शेवटी स्वतः ट्राय करून संघाला २६–२४ असा विजय मिळवून दिला. चाळीस-वीस म्हणजे आपल्या चाळीस मीटर रेषेच्या मागून मारलेली अशी किक, की चेंडू मैदानात टप्पा घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या वीस मीटर रेषेपलीकडे बाजूने बाहेर जातो; मग चेंडू पुन्हा आपल्याच संघाला मिळतो. पाय सगळ्यांकडेच असतो. ती किक कधी मारायची, हे कळायला मात्र वर्षे लागतात.

तरीही उणिवा उरतातच. मांडीच्या व खांद्याच्या दुखापतींनी त्याचे बरेच सामने बुडवले. क्लबमधला दरारा राज्याच्या जर्सीत तितक्या सातत्याने दिसत नाही, हा टीकाकारांचा आक्षेपही निराधार नाही.

कनिष्ठ गटात तर मोजमाप अधिकच फसवे असते. वर्षाच्या आरंभी जन्मलेला, अंगाने लवकर भरलेला मुलगा बारा-तेराव्या वर्षी सर्वांना लोळवून ट्राय करतो आणि निवडकर्त्यांचे लक्ष वेधतो. सगळे समवयस्क उंचीने बरोबरीला आले की त्याचे हे भांडवल संपते. म्हणून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकाने ट्राय मोजण्याऐवजी काही साध्या गोष्टी पाहाव्यात: चेंडू हाती येण्यापूर्वी मुलगा मान वर करून बचावफळी पाहतो का? उजव्या बाजूला तो जितका सहज पास देतो, तितकाच डावीकडे देतो का? पाचव्या पकडीआधीच त्याने साथीदारांना हाक घातली आहे का? आणि चेंडू सुटल्यावर तो आधी प्रशिक्षकाकडे पाहतो, की आपल्या बचावाच्या जागेकडे धावतो? यांतली एकही गोष्ट निकालपत्रात येत नाही, आणि गुणपत्रिकेची सवय जडलेल्या आपल्या घरांना तेच जड जाते.

पॅरामॅटाचा मिचेल मोझेस याच वाटेवरचा दुसरा प्रवासी. २०१४ मध्ये वेस्ट्स टायगर्सकडून पदार्पण, २०१७ मध्ये पॅरामॅटात आगमन. गुणवान पण बेभरवशाचा, हा शिक्का वर्षानुवर्षे त्याच्या माथी होता. जुलै २०२४ मध्ये क्लीअरी जायबंदी असताना स्टेट ऑफ ओरिजिनच्या निर्णायक सामन्यात न्यू साऊथ वेल्सची सात क्रमांकाची जर्सी मोझेसच्या अंगावर होती. ब्रिस्बेनमध्ये, क्वीन्सलंडच्या घरच्या मैदानावर, त्याच्या संघाने १४–४ असा विजय मिळवला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.