इंद्रायणीची गोधडी

पाण्याचा दर्जा आकड्यांत मोजतात आणि आकड्यांचे तक्ते फार थोडे लोक वाचतात. तेच आकडे धाग्यात उतरले की तक्ता ओलांडून पुढे जाणारा माणूस कापडापाशी थबकतो. अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेम्पेस्ट्री’ उपक्रमात एका ठिकाणचे वर्षभराचे तापमान विणतात. एका दिवसाची एक ओळ. कोणत्या तापमानाला कोणता रंग, हे आधीच ठरलेले. त्यापूर्वी, २००५ मध्ये, मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी प्रवाळांच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधण्यासाठी क्रोशाची प्रवाळभित्ती करायला घेतली.

नदीसाठी मावळात गोधडी हाताशी आहेच. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि कामशेत, इंदुरी, देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. गावागणिक एक पट्टा, महिन्यागणिक एक तुकडा, अशी मांडणी सहज होते. तुकड्याचा रंग पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरून ठरवावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा, मासे जगायला किमान ४. म्हणजे पाचच्या वर निळा, चार ते पाच पिवळा, त्याखाली तपकिरी. सांडपाण्यातला मैला जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायूच्या या मागणीला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या पाण्यात ती ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. ती धावदोऱ्याने दाखवता येते: जितकी बीओडी जास्त, तितके टाके दाट.

पांढरा धागा मात्र जपून वापरावा. इंदुरीजवळ कुंडमळ्याला रांजणखळग्यांतून उसळणारे पाणी पांढरे दिसते, आणि आळंदीला तरंगणारा फेसही पांढराच. कुंडमळ्याच्या खळाळात हवा पाण्यात मिसळते, प्राणवायू वाढतो आणि बुडबुडे लगेच फुटतात. आळंदीचा फेस साबण-डिटर्जंट आणि प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याचा. तो टिकून राहतो. दोन्हींना एकच धागा लावला, तर गोधडी खोटे बोलेल.

रंगांचा अर्थ गोधडीच्या कोपऱ्यात शिवलेला हवा. नाहीतर ती फक्त देखणी गोधडी. ज्या महिन्यात नमुना घेतलाच नाही, तो तुकडा कोरा ठेवावा, शेजारच्या रंगाने भरू नये.