लहान शहराचे हिमक्रीडागृह आणि कनिष्ठ हॉकी : हम्बोल्ट (कॅनडा) येथील स्थितीच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'हॉकी' हा शब्द उच्चारला की ध्यानचंदांच्या नावाशी जोडलेला मैदानी खेळ डोळ्यांसमोर येतो. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरील हॉकी होय. वेगळे विशेषण लावावे लागते ते मैदानी खेळालाच. या खेळाचे व्यावसायिक रूप दूरचित्रवाणीमुळे सर्वपरिचित आहे. परंतु त्याचे सामाजिक रूप समजून घ्यावयाचे असेल, तर महानगरातील भव्य प्रेक्षागृहापेक्षा एखाद्या लहान शहराच्या सार्वजनिक क्रीडागृहात हिवाळ्यातील एक संध्याकाळ घालविणे अधिक उद्बोधक ठरते. सॅस्कॅचेवान प्रांतातील सुमारे ६,००० वस्तीचे हम्बोल्ट हे असेच एक ठिकाण आहे. सॅस्काटूनच्या पूर्वेस सुमारे ११० किलोमीटरवर, शेतीप्रधान पठारावर ते वसले आहे. येथील 'एल्गर पीटरसन अरीना' हे हम्बोल्ट ब्रॉंकोज या कनिष्ठ संघाचे घर आहे. क्रीडागृहाला दिलेले नाव कोणा विख्यात खेळाडूचे वा धनिकाचे नाही. स्थानिक संघांसाठी वर्षानुवर्षे राबलेल्या एका स्वयंसेवकाचे ते नाव आहे, आणि ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

बर्फ आणि भोवतालची माणसे

बाहेरून अशी वास्तू एखाद्या मोठ्या धान्यकोठारासारखी दिसते. आत शिरताच दर्शनी दालनात जुन्या संघांची छायाचित्रे, चषक आणि उपाहारगृहासमोरील रांग दिसते. तळलेले बटाटे, कॉफी व गरम चॉकलेट हे येथील ठरलेले खाद्यपेय. बाकांवर बसणारे प्रेक्षक जाड कोट, क्वचित मांडीवर घेण्यासाठी घोंगडीही आणतात, कारण थंडी येथे आतही असतेच.

मध्यभागी २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असे बर्फाचे क्रीडांगण असते. हा बर्फ जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीचा असतो. काँक्रीटच्या फरशीत पुरलेल्या नळ्यांतून अतिशीत द्रव फिरविला जातो व फरशीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठविले जातात. पारदर्शक बर्फावर काळी चकती नीट दिसावी म्हणून खालच्या थराला पांढरा रंग देतात. सामना २०-२० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. मध्यंतरात 'झँबोनी' हे यंत्र अंगणभर फिरते. कॅलिफोर्नियातील फ्रँक झँबोनी यांनी ते १९४९ मध्ये तयार केले. ते बर्फाचा खरवडलेला पृष्ठभाग तासून त्यावर गरम पाण्याचा थर सोडते. गरम पाणी कशासाठी, असा प्रश्न नवख्यास पडतो. ते वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते, आणि त्यात हवा कमी विरघळलेली असल्याने गोठलेला बर्फ अधिक टणक होतो. लहान मुले हे यंत्र सामन्याइतक्याच तन्मयतेने पाहतात.

याच मध्यंतरात 'फिफ्टी-फिफ्टी' सोडतीची तिकिटे विकली जातात. जमलेल्या रकमेतील निम्मी विजेत्यास व निम्मी संघास किंवा एखाद्या स्थानिक कार्यास मिळते. तिकिटे विकणारे व दारावर उभे राहणारे बहुधा स्वयंसेवकच असतात. हाच बर्फ दिवसभरात बालसंघ, फिगर स्केटिंग शिकणारी मुले आणि रात्री उशिरा प्रौढ हौशी खेळाडू यांना तासांच्या हिशेबाने वाटून दिला जातो. तिकिटे व भाडे यांतून शीतकरणाचा खर्च सहसा भागत नाही. उरलेला भार नगरपालिका, म्हणजे अखेर करदाता, उचलतो. शीतकरणासाठी अनेक ठिकाणी अमोनिया वापरला जातो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील फर्नी येथील क्रीडागृहात अमोनियाच्या गळतीने तिघांचा मृत्यू झाला. जुन्या यंत्रणांची देखभाल हा केवळ हिशेबाचा विषय नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले.

घर सोडून आलेली मुले

कनिष्ठ हॉकीतील खेळाडू साधारणतः १६ ते २० वर्षांचे असतात. ब्रॉंकोजसारखा संघ 'ज्युनिअर ए' श्रेणीत मोडतो. त्यावरील 'मेजर ज्युनिअर' श्रेणीत वेस्टर्न हॉकी लीग व तत्सम स्पर्धा येतात. हम्बोल्टचा संघ १९७० मध्ये स्थापन झाला. तो कोणा धनिकाच्या नव्हे, तर समाजाच्या मालकीचा, नफा न वाटणारा संघ आहे. २००३ व २००८ मध्ये त्याने या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

बहुतेक खेळाडू परगावचे असतात. त्यांना स्थानिक कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेतात. या प्रथेस 'बिलेट' म्हणतात. मिळणारा मोबदला किरकोळ असतो, आणि दोन वेळचे जेवण, शाळा, आजारपण व पराभवानंतरची रात्र हे सारे त्या घराच्या वाट्याला येते. बाकांवरील गृहिणीने चकतीमागे धावणाऱ्या मुलाला नावाने हाक मारली, तर ती त्याची आई असेलच असे नाही.

या व्यवस्थेचा दुसरा अपरिहार्य भाग म्हणजे बस. विरळ वस्तीच्या प्रांतात प्रतिस्पर्धी संघ शेकडो किलोमीटर दूर असतो व प्रवास हिवाळ्यातील रस्त्यांवरून करावा लागतो. ६ एप्रिल २०१८ रोजी निपाविन येथील उपांत्य फेरीच्या सामन्यासाठी निघालेल्या ब्रॉंकोजच्या बसची, थांब्याची खूण न पाळता चौकात शिरलेल्या मालट्रकशी टक्कर झाली. बसमधील २९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले : दहा खेळाडू, दोन प्रशिक्षक, एक क्रीडा-उपचारतज्ज्ञ, आकडेवारी ठेवणारा एक तरुण, रेडिओ समालोचक आणि बसचालक. एक कनिष्ठ संघ कोणाकोणाचा बनलेला असतो, हे याहून स्पष्ट करणारी यादी सापडणे कठीण. शोकसभा दोन दिवसांनी याच क्रीडागृहात झाली. एवढे लोक मावतील अशी व सर्वांना आपली वाटेल अशी दुसरी जागा शहरात नव्हती. देशभर लोकांनी घराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या करून आदरांजली वाहिली. मालट्रक-चालकांसाठी सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण सॅस्कॅचेवानमध्ये २०१९ मध्ये लागू झाले. १२ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच बर्फावर नव्या मोसमातील पहिला स्थानिक सामना झाला, तोही निपाविनच्याच संघाशी.

महाविद्यालयीन नियमाचा प्रश्न

अपघाताचे दुःख पचविलेल्या या संघांपुढे आज निराळेच आव्हान आहे, आणि ते उच्च शिक्षणाच्या क्षेत्रातून आले आहे. मेजर ज्युनिअर श्रेणीत खेळलेल्या मुलास अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडा संघटना (एनसीएए) दीर्घकाळ व्यावसायिक मानून अपात्र ठरवीत असे. त्यामुळे शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकू इच्छिणारा गुणी मुलगा 'ज्युनिअर ए' संघ निवडे व हम्बोल्टसारख्या शहरात दोन-तीन हिवाळे काढी. नोव्हेंबर २०२४ मध्ये या संघटनेने ही बंदी उठविण्याचा निर्णय घेतला व १ ऑगस्ट २०२५ पासून तो अमलात आला. खेळाडूच्या दृष्टीने हा बदल न्याय्यच म्हणावा लागेल. सतरा वर्षांच्या मुलाने एका निवडीपायी पदवीची वाट कायमची बंद करून घ्यावी, यात शहाणपण नव्हते. परंतु लहान शहराच्या संघाकडे उत्तम खेळाडूस देण्याजोगी जी एक खास गोष्ट होती, ती त्यामुळे त्याच्या हातून गेली आहे. आता तोच मुलगा मोठ्या शहरातील, वरच्या श्रेणीच्या संघात जाऊनही महाविद्यालयाचे दार उघडे ठेवू शकतो. खेळाचा दर्जा किंचित उतरला तरी आजोबा नातवंडांना घेऊन सामन्याला येतील काय, यजमान कुटुंबे पूर्वीच्याच उत्साहाने खोली रिकामी करतील काय, यावर तिकिटांची विक्री, सोडतीची रक्कम आणि नगरपालिकेला उचलावा लागणारा भार अवलंबून राहणार आहे. सकाळी सहाला त्याच बर्फावर पहिल्यांदा पाय घसरून पडणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांची वेळही त्याच हिशेबात बसवावी लागते.