हात न टेकता उठा

कोनला जायचे तर पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता सोडून पुण्याच्या रस्त्याला लागायचे. या पट्ट्यातली मूळ वस्ती आगऱ्यांची, जमीन भाताची. आता त्या खाचरांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतल्या काही एमएमआरडीएने बांधल्या आणि डिसेंबर २०१६ च्या सोडतीत तिथली २,४१७ घरे गिरणी कामगारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या नावावर निघाली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर. ताबा मिळेपर्यंत वर्षांमागून वर्षे गेली, मध्ये करोनाच्या काळात याच इमारतींत विलगीकरण केंद्र झाले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा जो साचेवाला पंचविशीत होता, तो आज सत्तरीला टेकला आहे.

गिरणगावातली खोली कितीही अपुरी असली तरी चाळ माणसाला बसू देत नसे. पाण्याला नळावर, संडासला गॅलरीच्या टोकाला, पाळीच्या वेळी गिरणीत, संध्याकाळी नाक्यावर. आणि या सगळ्याच्या मध्ये तो लाकडी जिना. कोनच्या घरात पाणी आत, संडास आत, लिफ्ट दाराशी. हे सुख या माणसांना फार आधी मिळायला हवे होते. पण नाका पन्नासेक किलोमीटर मागे परळला राहिला, ओळखीची माणसे पांगली, आणि टीव्हीसमोरची खुर्ची तेवढी कायमची झाली. शेजारच्या गावातल्या आगरी आजीचेही तेच. लावणी नाही, झोडणी नाही, डोक्यावरचा भारा नाही. जमीन गेली तसा दिवसाचा राबताही गेला.

अशा माणसाचे पाय किती उरले आहेत हे मोजायची एक साधी चाचणी आहे. बिनहातांची, साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतात. हात छातीवर फुलीसारखे. तीस सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजायचे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी आणि बाईला दहापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे धरतात. पहिल्या खेपेला बहुतेकांचा हात नकळत गुडघ्यावर जातो. तेव्हा फिजिओथेरपिस्ट काय सांगतात ते ऐकण्यासारखे असते: “काका, पाय जरा मागे घ्या, टाचा खुर्चीखाली. आता पुढे वाका. नाक पायाच्या अंगठ्यांच्याही पुढे जाऊ दे. हां, आता जमीन पायांनी खाली ढकला.” माणूस उठतो. ताकद तीच, पण वजन पायांवर आले की अंग आपसूक वर येते. बसताना मात्र धपकन बसायचे नाही. सावकाश, आवरत बसायचे. मांडीच्या पुढच्या स्नायूला खरा व्यायाम त्या आवरण्यातच होतो.

याला व्यायाम म्हणायचे का, असा प्रश्न आपल्या मनात येतो, कारण मराठीत हा शब्द उच्चारला की लाल माती, शड्डू, जोर-बैठका डोळ्यांसमोर येतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. गिरणगावात तर गल्लोगल्ली व्यायामशाळा होत्या आणि कबड्डीचे संघ होते. ही परंपरा मोठी आहे, पण तिच्या दारात उभा राहणारा मुलगा धडधाकट आहे हे गृहीत धरलेले होते. ज्याला उभेच राहता येत नाही त्याच्यासाठी व्यायाम, ही कल्पना आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आली. तीही परळमधूनच.

१९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली. ताप उतरला तरी मुलांचे पाय लुळे राहिले. पायांवर औषध नव्हते. जे काही करायचे ते हातांनी, आणि ते करणारे शिकलेले हात देशात जवळजवळ नव्हते. त्यातून १९५३ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महापालिका यांनी मिळून परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा काढली. भारतातली ही पहिली. केईएम म्हणजे १९२६ पासून कामगार वस्तीच्या मधोमध उभे असलेले पालिकेचे रुग्णालय. भोंग्यांच्या आवाजात चालणाऱ्या त्या रुग्णालयात हे शास्त्र या देशात रुजले, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकात असायला हवी असे मला वाटते.

या शाळेच्या आधी काही बायकांनी वाट पाडून ठेवली होती. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. लेकीला चालते करण्यासाठी त्या डॉक्टरांच्या मागे हिंडल्या, उपचाराची पद्धत समजून घेतली, आणि १९४७ मध्ये इतरांच्या मुलांसाठी चौपाटीजवळ दवाखाना उघडला. हाजीअलीच्या मुलांच्या रुग्णालयाचे मूळ तिथे आहे. दुसऱ्या कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. रोजच्या कामातून, हातांच्या उद्योगातून रुग्णाला पुन्हा उभे करण्याचे शास्त्र, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, त्यांनी १९५० मध्ये केईएममध्येच शिकवायला सुरुवात केली. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, या त्यांच्या सूनबाई.

पोलिओच्या वॉर्डात व्यायाम कसा होत असे? स्नायूंना शून्य ते पाच असे गुण देत. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे हालचाल नाही, पण मांडीवर बोटे ठेवून मुलाला “पाय उचल” म्हटले की कातडीखाली काहीतरी लवते. ते लवणे बोटांना कळायला हवे, आणि कळेपर्यंत थांबायला हवे. दोन म्हणजे पाय उचलता येत नाही, पण त्याचे ओझे काढून घेतले तर हलतो. म्हणून मुलाला कुशीवर निजवायचे, पायाखाली पावडर शिंपडलेली गुळगुळीत फळी ठेवायची, किंवा पाय कापडी झोळीत घालून वरच्या चौकटीला टांगायचा. मग तोच पाय घड्याळाच्या लंबकासारखा पुढेमागे जातो. तीन म्हणजे स्वतःचे वजन उचलले. घरचे लोक रडतात ते इथे. पुढे चार, पाच, वाळूच्या पिशव्या, कॅलिपर, समांतर दांड्यांच्या मधून चालणे.

पोलिओ गेला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्या वॉर्डात घडलेली दृष्टी उरली: माणसाला काय जमत नाही यापेक्षा काय जमते ते आधी शोधायचे, आणि तिथून एक पायरी वर चढवायचे. अर्धांगवायूचा रुग्ण, गुडघे बदललेली आजी, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा, सगळ्यांचे काम याच रीतीने चालते. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकवला, त्यामागेही मला हीच दृष्टी दिसते. दिसत नाही, पण हातांना खांब कळतो, दोर कळतो. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

केईएमची शाळा निघाली त्याच १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी आपला शोध छापला. त्यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारे. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तरी तो बेताचा असे. बेस्टच्या दुमजली बसमधून जन्मभर फिरलेल्या मुंबईकराला हा शोध वेगळा समजावून द्यावा लागू नये.

गिरणी कामगाराच्या अंगात मात्र पायांखेरीज आणखी एक जुने दुखणे असते. कार्डिंग आणि ब्लो रूममध्ये हवेत तरंगणारी कापसाची धूळ श्वासाबरोबर आत जाई. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटे, आठवड्याच्या शेवटाकडे जरा मोकळी होई. वर्षे गेली की रोजचाच सोमवार. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि मुंबईच्या गिरण्यांतल्या बिसिनोसिसचा अभ्यास केईएममधल्याच डॉ. एस. आर. कामत यांनी केला. गिरणी बंद पडली म्हणून जुना दमा परत जात नाही.

दम लागणाऱ्या माणसाला व्यायाम सांगायचा हे ऐकायला उलटे वाटते. घरचे म्हणतात, बसा, दमू नका. बसले की मांड्या आणि पोटऱ्या सुकतात. सुकलेल्या स्नायूला त्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो. मग दहा पावलांवर दम, मग आणखी बसणे. फुप्फुसाचे झालेले नुकसान व्यायामाने भरून येत नाही हे आधीच सांगायला हवे. पण पाय तयार झाले की तेच फुप्फुस पुरते. म्हणून श्वासाच्या रोग्याला आधी चालवतात. तीस मीटरचा सरळ बोळ, दोन टोकांना खुणा, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, आणि सहा मिनिटे. स्वतःच्या गतीने चालायचे, थांबावेसे वाटले तर थांबायचे, घड्याळ मात्र थांबत नाही. किती मीटर झाले ते लिहून ठेवायचे. सोबत श्वासाची एक युक्ती शिकवतात: नाकाने दोन आकडे आत घ्या, ओठांचा चंबू करून चार आकडे सोडा. समईची ज्योत हलावी पण विझू नये, इतकेच फुंकायचे. ओठ अर्धे मिटल्याने आतला दाब टिकतो, मिटायला आलेल्या बारीक नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. जिना चढताना पाऊल वर टाकायचे ते श्वास सोडताना.

आता वय झाले, आता कसला व्यायाम, हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की त्याचा मला राग येतो. १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावले. सगळ्यांचे वय नव्वदीच्या आसपास. हलके नव्हे, त्यांच्या ताकदीला ताण पडेल असे वजन. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होते, तर सत्तरीतल्या माणसाला “आराम करा” सांगून घरी पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मात्र हे औषध आहे, आणि औषधासारखेच द्यायला हवे. आठवड्यातून किती वेळा, किती जोराने, किती वेळ, कोणता प्रकार, हे लिहून द्यावे लागते. पासष्टीच्या पुढच्या माणसाला जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम, आणि तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही इतके. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचे आणि डॉक्टरांना गाठायचे. मधुमेह्याने आधी तळपाय आणि चप्पल बघायची. “रोज चालत जा” एवढेच सांगणे म्हणजे “गोळ्या घेत जा” म्हणण्यासारखे आहे. कोणत्या आणि किती, ते कोण सांगणार?

सांगणारी माणसे फार लांब नाहीत. कामोठ्याला एमजीएमचे फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, नेरूळला आणखी आहेत. सरकारने २०१०-११ मध्ये ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात जिल्हा रुग्णालयापर्यंत फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. पण गुडघे धरलेल्या माणसाने कोनहून रिक्षा, पुढे बस करून आठवड्यातून तीनदा जायचे, तेही बारा आठवडे, हे होत नाही. पहिल्या आठवड्यात जातो, दुसऱ्यात गुडघा सुजला म्हणून राहतो, तिसऱ्यात विषय संपतो. हा उपचार रुग्णाच्या दारात यावा लागतो. त्याला लागते तरी काय? तळमजल्यावरची एक खोली, भिंतीला टेकवलेल्या आठ-दहा खुर्च्या, धरायला एक लोखंडी कठडा, वाळूच्या पिशव्या, रक्तदाबाचे यंत्र, एक वही. आठवड्यातून दोन-तीनदा येणारा शिकलेला माणूस. तीस मीटरचा बोळ इमारतीच्या आवारात कुठेही आखता येतो. गृहनिर्माण करणाऱ्यांनी पार्किंगची जागा आखली तशी ही खोलीही आखायला हवी होती. अजूनही वेळ गेलेली नाही.

आणि माणसे एकत्र आली की काय होते तेही पाहा. एकटा माणूस घरात दहा वेळा खुर्चीतून उठत नाही. पण शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या गिरणीचा साचेवाला बसलेला असला, तर अकराव्यांदा उठतो. चाळीतला नाका इथे पुन्हा भरतो, फक्त हातात चहाऐवजी वाळूची पिशवी असते. कुणाची लेक कुठे दिली, कुणाचा दावा कुठवर आला, हे बोलणे चालूच. दम न लागता बोलता येते आहे ना, तेवढे शिकवणाऱ्याने कान देऊन ऐकायचे.

अशा खोलीतल्या वहीत काय लिहिले जाईल ते मला आत्ताच दिसते. नाव, वय, गिरणी, खाते. पहिल्या सोमवारी: खुर्चीतून सात, एकदा हात टेकला. चौथ्या सोमवारी: नऊ, हात नाही. आठव्या सोमवारी: अकरा. शेरा: लिफ्ट बंद होती, दोन मजले जिन्याने आले, वाटेत एकदा थांबले.