हात एकाच कारागिराचा, भाव मात्र दोन

मोटारींचा शौक हा आपल्या पेठेतल्या माणसाचा विषय नव्हे. पण हुनर कोणाचे आणि पैसा कोणाच्या गल्ल्यात, हा सवाल आपल्या प्रत्येक कारागिराचा आहे. इटलीतल्या दोन जुन्या शर्यतीच्या गाड्यांची हकीकत म्हणूनच सांगतो.

पहिली फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ झाल्या. तीन लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. वरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मोदेना शहरात स्काल्येत्तीच्या कारखान्यात हातोडीने ठोकून घडवलेला. त्यामुळे हातमागाच्या दोन साड्यांप्रमाणे दोन गाड्याही तंतोतंत सारख्या नाहीत. गिऱ्हाईक कोण, हे मालक एंझो फेरारी स्वतः पाहत असे.

या गाडीचा पाया घातला इंजिनिअर जोत्तो बिझारिनीने. पण १९६१ च्या अखेरीस मालकाशी वाद होऊन फेरारीची काही वरिष्ठ माणसे बाहेर पडली, त्यांत हाही होता. गाडी पुढे तरुण माउरो फोर्गिएरीने पुरी केली. बिझारिनीने मग लॅम्बोर्गिनीला तिचे पहिले बारा सिलिंडरचे इंजिन करून दिले, इझो कंपनीचे काम केले आणि शेवटी लिव्होर्नोत स्वतःची पाटी लावली.

त्या पाटीखाली निघाली दुसरी गाडी, बिझारिनी ५३०० जीटी. इंजिन घरचे नव्हे, अमेरिकन शेव्हरोलेचे, ५.३ लिटरचे. स्वस्त, दणकट, दुरुस्तीला सोपे. वजनाचा तोल साधावा म्हणून इंजिन पुढच्या चाकांच्या बरेच मागे बसवलेले. हीच अक्कल त्याने जीटीओतही लढवली होती. १९६५ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत याच घडणीची गाडी एकंदरीत नववी आणि आपल्या गटात पहिली आली. म्हणजे मालात खोट नव्हती.

खोट होती ती भांडवलात. माझ्या मते बिझारिनीला यंत्राचा नाद होता, वहीखात्याचा नव्हता. १९६० चे दशक संपता संपता कंपनीचे दिवाळे निघाले. उरलेल्या सुट्या भागांतून नंतरही गाड्या जोडल्या गेल्या. एकूण आकडा सुमारे १३० धरतात, पण अस्सल किती यावर आजही वाद आहे. उलट जीटीओची प्रत्येक गाडी सांगाड्याच्या नंबरावरून ओळखली जाते. कोणी घेतली, कुठे धावली, कोणाला विकली, सगळे कागदावर. कापडाच्या धंद्यात आपण सूत हाताने पारखतो, तरी छापाशिवाय तोच तागा कमी भावात जातो.

जीटीओलाही पहिल्यापासून भाव होता असे नाही. शर्यतीतून बाद झाल्यावर ती नव्याच्या किमतीहून कितीतरी कमी दामात विकली जात होती. ज्यांनी तेव्हा सांभाळून ठेवली त्यांचे नशीब फळले. २०१८ साली अमेरिकेत एका जीटीओला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. बिझारिनीची गाडी या रकमेच्या आसपासही फिरकत नाही.

बिझारिनी मे २०२३ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात जीटीओ घराण्यातली एक गाडी ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली.