शेततळ्यातील मासे आणि पहाटेचा पंप

शेततळ्यातील मासे एका रात्रीत मेले, की पहिला संशय बहुधा विषप्रयोगावर जातो. संध्याकाळी खाद्यावर तुटून पडणारे मासे सकाळी पाण्यावर तरंगताना दिसले, तर कुणीतरी दुष्टाव्याने औषध टाकले असावे असे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र अशा अनेक घटनांमध्ये बाहेरचा हात नसतोच. पाण्यातला प्राणवायू रात्रभरात संपलेला असतो. पंप आणि एरेटर तळ्यावर उभे असूनही हे घडते, कारण ते नेमक्या कोणत्या वेळी चालवायचे याचा हिशेब केलेला नसतो. दीड-दोन लाखांचे पीक दोन तासांत हातचे जाते, तेही कापणीच्या तोंडावर. मासे जितके मोठे, तितका त्यांचा प्राणवायूचा खप जास्त असतो.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न अधिक जवळचा आहे. येथे शेततळी आली ती माशांसाठी नव्हे, तर फळबागा वाचवण्यासाठी. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंची या गावाचे नाव सर्वदूर झाले. पाणलोटाची कामे आणि शेततळ्यांच्या बळावर तेथील द्राक्षबागा तग धरून राहिल्या होत्या. पुढे २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. तळ्यात पाणी साठवलेच आहे, तर त्यात कटला, रोहू, मृगल, सायप्रिनस यांचे बीज सोडावे, हा विचार ओघानेच पुढे आला. पाणी बागेला आणि मासे बाजाराला, असा हा दुहेरी व्यवहार. अडचण एवढीच, की बागेला पाणी जसजसे जाते तसतसे माशांचे घर लहान होत जाते, आणि ते सर्वांत लहान होते ते नेमके एप्रिल-मे महिन्यांत.

प्राणवायूची शिल्लक

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हे माशांचे एक प्रकारचे बँकखाते आहे. दिवसा सूर्यप्रकाशात हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते आणि खात्यात भर पडते. सूर्य मावळला की ही भर थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. मासे श्वास घेतात, तळाशी साचलेले उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजताना प्राणवायू शोषून घेतात, आणि दिवसा भर घालणारे शेवाळदेखील रात्री खर्च करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसते. त्यामुळे शिल्लक सर्वांत कमी असते ती सूर्योदयाच्या आधीच्या दोन-तीन तासांत.

मुळात हे खाते मोठे नसते. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. येथे ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतून सुमारे ७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. थंड पाण्यात तो अधिक मावतो, कोमट पाण्यात कमी. उलट माशांची भूक आणि श्वास उन्हाळ्यात वाढतात. कटला-रोहूसारख्या माशांना ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला की सुखाचे असते. ३ च्या खाली त्यांना त्रास होऊ लागतो, आणि १ च्या आसपास ते मरू लागतात.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या काठाचे शेततळे पूर्ण भरले तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी असते. उन्हाळ्यात ते १० लाख लिटरवर आले आहे आणि त्यात एक हजार किलो मासे आहेत, असे समजू. संध्याकाळी पाण्यात ७ मिलिग्रॅम प्राणवायू असेल आणि तो ३ च्या खाली जाऊ द्यायचा नसेल, तर खर्चायला मिळणारी शिल्लक लिटरमागे ४ मिलिग्रॅम, म्हणजे संपूर्ण तळ्यात अवघी ४ किलो भरते. एक किलो मासा ताशी साधारण पाव ग्रॅम प्राणवायू वापरतो. एक हजार किलो मासे ताशी पाव किलो वापरतील. शेवाळ आणि तळचा गाळ यांचा खर्चही जवळपास तेवढाच धरावा. म्हणजे ताशी अर्धा किलो. चार किलोंची शिल्लक आठ तास पुरेल. सायंकाळी सातपासून मोजले, तर पहाटे तीन वाजता खाते धोक्याच्या रेषेवर येते.

हे आकडे तळ्यागणिक बदलतील, पण हिशेबाची रीत बदलत नाही. शिल्लक किती आणि ताशी खर्च किती, यांचा भागाकार म्हणजे पंप किती वेळ बंद ठेवता येईल याचे उत्तर. टायमर लावायचा तो या उत्तरावर.

होडी, टेम्पो आणि तळे

हीच रीत जगात इतरत्र वेगळ्या आकारात दिसते. अमेरिकेत गळाने मासे पकडण्याच्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये पकडलेले मासे जिवंत ठेवून वजनानंतर पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा रुजवली. त्यासाठी होडीतच पाण्याची टाकी, छोटा पंप आणि पुढे टायमर अशी व्यवस्था रूढ झाली. होडीची बॅटरी लहान असते. पंप अखंड चालवला तर ती उतरते, म्हणून तो थोड्या थोड्या अंतराने आपोआप सुरू व्हावा अशी योजना असते. ऐंशी लिटरच्या टाकीत चार किलो मासे असतील, तर वरच्याच हिशेबाने शिल्लक पंधरा-वीस मिनिटांत संपते. म्हणून तेथील टायमर मिनिटांत मोजतो.

मासे जिवंत बाजारात नेणाऱ्या टेम्पोचे गणित याहून कडक असते. एक हजार लिटरच्या टाकीत शंभर किलो मासे भरले, तर शिल्लक दहा मिनिटेही पुरत नाही. शिवाय जाळ्यातून काढलेले घाबरे मासे नेहमीपेक्षा जास्त श्वास घेतात. तेथे टायमरचा उपयोगच नाही. हवा किंवा प्राणवायू अखंड सोडावा लागतो, आणि एक पंप बंद पडला तर दुसरा तयार हवा. शेततळ्यात मात्र पाणी जास्त असल्याने काही तासांची उसंत मिळते. ही उसंत हेच तळ्याचे भांडवल आहे आणि टायमर म्हणजे ते जपून वापरण्याचे साधन.

घड्याळ कसे लावावे

एक अश्वशक्तीचा पॅडल व्हील एरेटर प्रत्यक्ष तळ्यात ताशी साधारण अर्धा ते एक किलो प्राणवायू मिसळतो. वरील उदाहरणात ताशी खर्च अर्धा किलो आहे. म्हणजे असा एक एरेटर वेळेवर सुरू झाला, तर तळे तरून जाते. धोक्याची रेषा तीन वाजता येत असेल, तर एरेटर एक-दीड वाजता सुरू करून सूर्य चांगला वर येईपर्यंत, म्हणजे साडेसहा-सातपर्यंत चालवावा. यासाठी चार-पाच युनिट वीज पुरते. चोवीस तास चालवल्यास जवळपास चौपट वीज लागेल आणि दुपारचा बराचसा खर्च वाया जाईल, कारण दुपारी वरच्या थरात प्राणवायू आधीच भरपूर असतो. तीन मीटर खोल तळ्यात मात्र उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार असे थर पडतात. रोज दुपारी तासभर पाणी ढवळले, तर वरचा प्राणवायू खाली जातो आणि तळाला सडका थर साचत नाही. ही सवय आरंभापासून असावी. महिनोन्महिने न ढवळलेले तळे एकदम ढवळले, तर तळचे दूषित पाणी वर येऊन तेच घातक ठरते.

ढगाळ दिवशी हिशेब बदलतो. दिवसभर ऊन नसेल तर संध्याकाळची शिल्लक ७ ऐवजी ५ मिलिग्रॅम असू शकते. मग चार किलोंऐवजी दोनच किलो हाती उरतात आणि धोक्याची वेळ पहाटे तीनवरून रात्री अकरावर येते. टायमरला आभाळ दिसत नाही. ते माणसानेच पाहायचे आणि घड्याळाचा काटा पुढे घ्यायचा. अशा दिवशी खाद्यही बंद ठेवावे.

जोडणीतील एक बारकावा हमखास निसटतो. बटणाच्या साध्या स्टार्टरचा विद्युतपुरवठा खंडित झाला की तो सुटतो आणि वीज परतली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय पुन्हा ओढत नाही. अशा स्टार्टरच्या आधी टायमर बसवला, तर रात्री दीड वाजता टायमर इमानेइतबारे वीज सोडतो, पण मोटार हलत नाही. म्हणून टायमरने स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, किंवा वीज येताच मोटार सुरू करणारा 'ऑटो' बसवावा. मोटारीचा प्रवाह थेट लहान टायमरमधून नेऊ नये. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि टायमरचे संपर्क जळतात. दुसरे असे, की बॅटरी नसलेला साधा टायमर वीज गेल्यावर थांबतो. चार तास वीज गेली, तर त्याचे घड्याळ चार तास मागे पडते आणि दीडचा पंप साडेपाचला सुरू होतो. भारनियमनाच्या भागात बॅटरीवर वेळ राखणाराच टायमर घ्यावा. पाण्याजवळचे काम असल्याने अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर यांत काटकसर करू नये.

दिवसाची वीज, रात्रीची गरज

खरी अडचण घड्याळापेक्षा विजेची आहे. शेतीच्या फीडरवर काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, अशी पाळी महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिली. रात्री पाणी देण्यासाठी शिवारात जाणे हे शेतकऱ्याचे जुने दुखणे. त्यावर उपाय म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना जाहीर झाली. बागेच्या दृष्टीने दिवसाची वीज हे वरदानच आहे. माशांची गरज मात्र नेमकी उलट आहे. मोसंबीला पाणी दुपारी दिले तरी चालते, माशांना प्राणवायू पहाटेच लागतो. सौर पंप पहाटे तीनला चालत नाही.

बॅटरी लावली तर? एक अश्वशक्तीच्या एरेटरला पाच तासांसाठी चार युनिट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची नेहमीची बॅटरी निम्म्यापर्यंतच रिकामी करायची म्हटल्यास साधारण ०.९ युनिट देते. म्हणजे अशा पाच बॅटऱ्या हव्यात. त्यामुळे लहान तळ्यावर कमी शक्तीचा ब्लोअर, मोठ्या तळ्यावर जनित्र किंवा डिझेल इंजिन, हा पर्याय अधिक व्यवहार्य ठरतो. हाताशी काहीच नसेल, तर तळ्यातलेच पाणी उचलून फवाऱ्याने वर उडवावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी थेट तळ्यात सोडून भागत नाही, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू अनेकदा फारच कमी असतो. तेही उडवूनच सोडावे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कृषी दराने वीज हा त्यातील एक लाभ. दर कमी होणे स्वागतार्हच, परंतु तळ्यापुरता प्रश्न दराइतकाच वेळेचाही आहे. वीज वापरणाऱ्यांच्या यादीत मत्स्यपालक शेतकऱ्यांच्या पंक्तीला बसला, तरी त्याची निकड शेतकऱ्याच्या घड्याळावर चालत नाही, हे वेळापत्रक ठरवताना ध्यानात घ्यावे लागेल.

तोवर बीज सोडण्यापूर्वीच प्रत्येक तळ्याचा हिशेब मांडणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात पाणी किती उरेल, पहाटे वीज मिळेल का, न मिळाल्यास पर्याय कोणता, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर माशांची संख्या ठरवावी. वीज भरवशाची नसेल, तर मासे कमी सोडावेत. निम्मे मासे सोडले, तर शिल्लक तेवढीच राहून माशांचा खर्च अर्धा होतो आणि पहाट निभावते. पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेणारे मासे हा शेवटचा इशारा असतो. तो दिसेपर्यंत थांबणारा पंप बहुतेक वेळा उशिरा सुरू झालेला असतो.